सेहेचाळीसच्या इंजिनाला कोणता प्रॉप लावू?

पत्र: "मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. भाचा पीयूसी फर्स्ट इयरला आहे, एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंगची गोडी लागली त्याला. आम्ही दोघांनी मिळून बाल्सा आणि प्लायचं हाय-विंग ट्रेनर बांधलंय. पंखांची लांबी दीड मीटर, रुंदी 30 सेंटिमीटर, वजन 2 किलो 400 ग्रॅम. इंजिन जुनं आहे, .46 घनइंचाचं टू-स्ट्रोक ग्लो, मफलरसकट चांगल्या स्थितीत मिळालं. त्याच्यासोबत दोन नायलॉनचे प्रॉप (प्रोपेलर) आले, 12×8 आणि 9×7. बारा इंची लावला की इंजिन सुरू होतं, पण फुल थ्रॉटल दिल्यावर थोड्याच वेळात दबतं आणि बंद पडतं. नऊ इंची लावला की नुसतं किंचाळतं, विमान गवतातून पुढे सरकत नाही. एक मित्र म्हणतो, पॅटर्न करून ॲल्युमिनियमचा प्रॉप ओतून घेऊ, फिनिशिंग तू लेथवर कर. दुसरा म्हणतो, बारा इंचीचीच टोकं कापून अकरा कर. इंजिनचं पुस्तक आमच्याकडे नाही. भात काढून झालं की येळ्ळूरच्या बाजूला शिवारात उडवायचं आहे. कोणता प्रॉप घेऊ?"

उत्तर:

आधी ॲल्युमिनियमचं बोलतो, कारण बाकी सगळं चार दिवस उशिरा कळलं तरी चालेल. पॅटर्न करायला दिला असेल तर आजच निरोप पाठवून थांबवा. बेळगावात ओतकाम करून घेणं म्हणजे दोन गल्ल्या चालत जाण्याइतकं सोपं, त्यामुळे ही कल्पना तुमच्या मित्राला सुचली याचं मला नवल वाटत नाही. पण मॉडेलच्या इंजिनावर धातूचं पातं लावायचं नाही. अमेरिकेच्या ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या सुरक्षा-नियमांत धातूच्या पात्यांच्या प्रॉपला सरळ बंदी आहे, आणि त्यामागचं कारण तुम्हाला आकड्यांत सांगतो.

10 ग्रॅमचं एक पातं धरा. त्याचं वजन हबपासून, म्हणजे प्रॉपच्या मधल्या जाड भागापासून, सरासरी 5 सेंटिमीटरवर आहे असं समजा. इंजिन मिनिटाला 12,000 फेरे मारत असेल तर ते पातं हबमधून बाहेर पडायला सुमारे 80 किलोच्या जोराने ओढत असतं. दहा ग्रॅमचं पातं आणि ऐंशी किलोची ओढ! ॲल्युमिनियमची घनता काच भरलेल्या नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे त्याच आकाराच्या पात्याची ओढ दीडशे किलोच्या वर जाते. तेवढी ओढ चांगलं ॲल्युमिनियम एकदा सहन करील, त्यात शंका नाही. पण टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतं, 12,000 फेऱ्यांना सेकंदाला 200 धक्के. लाकूड आणि नायलॉन हे धक्के बऱ्यापैकी जिरवतात. ओतीव ॲल्युमिनियम जिरवत नाही, आणि त्यात एक बारीकसा ब्लो-होल, म्हणजे हवेची पोकळी, हबजवळ राहून गेला तर भेग तिथूनच सुरू होते. फाउंड्रीच्या गावात राहता, ब्लो-होल बाहेरून दिसत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. ते पातं सुटलं तर कुणाच्या दिशेने जाईल हे आपल्या हातात नसतं, आणि इंधन कमी-जास्त करायची नीडल फिरवायला भाचाच जवळ उभा असणार.

आणखी एक. विमान नाकावर उतरलं तर नायलॉनचा किंवा लाकडाचा प्रॉप मोडतो आणि क्रँकशाफ्ट वाचतो. धातूचा मोडत नाही, मग शाफ्ट वाकतो. जुन्या इंजिनाचा शाफ्ट मिळवणं किती अवघड आहे ते बाजारात फिरल्यावर कळेल.

आता मूळ प्रश्न. प्रॉपवर दोन आकडे असतात, दोन्ही इंचात. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच तुम्हाला वेगळा समजवायची गरज नाही, लेथच्या लीड स्क्रूचा पिच तोच इथेही: एका फेऱ्यात प्रॉप किती पुढे जाईल ते. 10×6 म्हणजे दहा इंच व्यासाचा आणि हवा घट्ट असती तर एका फेऱ्यात सहा इंच पुढे गेला असता असा प्रॉप. हवा घट्ट नसते, म्हणून थोडी घसरण होते, पण हिशेबाला हा आकडा पुरतो.

या दोन आकड्यांपैकी व्यास इंजिनावर फार जास्त बोजा टाकतो, आणि बहुतेक लोक फसतात ते इथेच. फेरे तेच ठेवले तर लागणारी ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, पिचच्या मात्र सरळ प्रमाणात. म्हणजे व्यास चार वेळा एकमेकांशी गुणा आणि मग एकदा पिचने गुणा, आलेला आकडा म्हणजे बोजा. 10×6 चा आकडा 60,000 येतो. 11×6 चा 87,846, म्हणजे एक इंच व्यास वाढवला तर बोजा 46 टक्क्यांनी वर. 11×5 चा 73,205, म्हणजे 10×6 पेक्षा 22 टक्के जास्त. 11×4 चा 58,564, जवळपास 10×6 एवढाच. म्हणून जुने मॉडेलवाले म्हणतात, एक इंच व्यास चढवायचा असेल तर पिच एक-दोन इंच उतरवा.

आता तुमचे दोन प्रॉप या हिशेबात घाला. 12×8 चा आकडा येतो 1,65,888, म्हणजे 10×6 च्या पावणेतीन पट. इंजिन 10×6 वर 12,000 फेरे मारत असेल आणि ताकद तेवढीच देत राहील असं धरलं, तरी या प्रॉपवर ते साडेआठ हजारांच्या आसपास येऊन बसेल. प्रत्यक्षात त्याहून खाली जाईल, कारण टू-स्ट्रोकला कमी फेऱ्यांवर पूर्ण ताकद देता येत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन पूर्ण जळतंय, फेरे मात्र नाहीत, म्हणजे हवा कमी फिरते आणि डोकं तापत जातं. पिस्टन आवळतो, इंजिन दबतं, बंद पडतं. तुम्ही लिहिलंय त्यात इंजिनाचा काही दोष दिसत नाही. मफलरमधून बाहेर येणारं तेल बघा. ते काळपट तपकिरी असेल तर इंधनातलं एरंडेल करपतंय, आणि 12×8 वर एकही फेरा आता चालवू नका. पिस्टन-लायनरला ओरखडे पडायला फार वेळ लागत नाही.

9×7 ची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त शिकण्यासारखी आहे. बोज्याचा आकडा 45,927, दहा-सहाच्या तीन-चतुर्थांश. इंजिनाला हलका, म्हणून ते किंचाळतं. पण मग विमान ओढलं का जात नाही? कारण प्रॉपचं पातं म्हणजे फिरणारा पंखच असतो. राईट बंधूंनी 1903 च्या विमानासाठी प्रॉप कोरले तेव्हा हीच गोष्ट ओळखली होती. पंखाला हवेशी फार मोठा कोन दिला तर तो उचलायचं सोडून देतो, स्टॉल होतो. पात्याचंही तसंच. विमान उभं असताना पुढून हवा येत नसते, त्यामुळे पात्याचा जवळजवळ सगळा कोन हवेवर पडतो.

तुमच्याकडे बेव्हल प्रोट्रॅक्टर असेलच, तो काढा. हबच्या मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या तीन-चतुर्थांश जागी खूण करा आणि पात्याच्या मागच्या सपाट बाजूचा कोन मोजा. 9×7 ला तो साधारण 18 अंश भरेल, 10×6 ला 14, 11×5 ला 11. अठरा अंशांवर उभ्या विमानाचं पातं हवा पुढून घेऊन मागे ढकलण्यापेक्षा नुसती घुसळत बसतं. तेच 9×7 शंभराच्या वर वेगाने पळणाऱ्या लहान, निमुळत्या विमानावर चांगलं काम करतं, कारण तिथे पुढून येणारी हवा हा कोन खाऊन टाकते. तुमचं ट्रेनर गवतातून निघून त्या वेगापर्यंत कधी पोहोचणारच नाही.

कोन मोजायची ही सवय पुढेही ठेवा. छापलेला पिच आणि खरा पिच प्रत्येक कंपनीत जुळतोच असं नाही, पाठीचा आकार आणि पात्याची जाडी वेगळी असते. 6.28 गुणिले त्या जागेचं मध्यापासूनचं अंतर गुणिले कोनाचा टॅन, हा तुमचा खरा पिच. भाच्याला त्रिकोणमिती आहेच, त्याला करायला द्या. दोन्ही पात्यांचा कोन वेगळा आला तर तो प्रॉप बाजूला ठेवा.

मग निवडायचं कशावर? इंजिन फक्त एवढं सांगतं की माझ्यावर या मर्यादेबाहेर बोजा टाकू नका. त्या मर्यादेत कोणता व्यास आणि कोणता पिच, हे विमान सांगतं. इंजिनाच्या साइझवरून प्रॉप मागणाऱ्या माणसाला अर्धंच उत्तर मिळतं. .40 ते .46 च्या साध्या टू-स्ट्रोकला 10×6 पासून 11×6 पर्यंतचे प्रॉप चालतात, हा झाला इंजिनाचा भाग. (.15 ला 8×4, .25 ला 9×4 किंवा 9×5, .61 ला 11×7 किंवा 12×6 हे साधारण ठोकताळे. फोर-स्ट्रोकचं गणित वेगळं, ते कमी फेऱ्यांवर मोठा प्रॉप फिरवतात, .52 च्या फोर-स्ट्रोकला 12×6 सहज जातो.)

विमानाचा भाग असा. हजारांतले फेरे गुणिले पिच गुणिले दीड, म्हणजे प्रॉपचा ताशी किलोमीटरमधला वेग. त्याहून फार वेगाने विमान सरळ उडू शकत नाही. 10×6 ला 12,000 फेरे असतील तर 12 गुणिले 6 गुणिले दीड, 108. 11×5 वर बोजा वाढल्यामुळे फेरे 11,200 च्या आसपास येतील, वेग 84. 9×7 ला साडेतेरा हजार धरले तर 142. आता तुमच्या विमानाचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचलायचं सोडून देतो तो: 2 किलो 400 ग्रॅम वजन, पंखाचं क्षेत्रफळ तुम्ही दिलेल्या मापांवरून 45 चौरस डेसिमीटर, म्हणजे ताशी 33 किलोमीटरच्या जवळपास. शिकाऊ विमानाला प्रॉपचा वेग स्टॉलच्या अडीच ते तीन पट असावा असा एक जुना ठोकताळा आहे आणि तो मला पटतो. तुमचे आकडे मग 83 ते 99 येतात. 84 म्हणजे 11×5 बरोबर जागी बसतो. 142 म्हणजे चार पटींच्या वर, त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

म्हणून माझं उत्तर: 11×5 घ्या. दोन घ्या, कारण एक मोडणार आहे. सोबत एक 10×6 घ्या, तो कशाला ते पुढे येईल. काच भरलेल्या नायलॉनचे, एपीसी कंपनीच्या प्रॉपसारखे, किंवा बीच लाकडाचे. पहिल्यांदा शिकताना मी नायलॉन सांगेन, गवतात घासला तरी लाकडासारखा लगेच चिरत नाही. मात्र टोकाला खाच पडली, हबला पांढरट रेघ दिसली, तर तो प्रॉप दोन तुकडे करून टाका. सुपरग्ल्यूने चिकटवलेला प्रॉप मला कुणाच्या इंजिनावर बघायचा नाही.

बारा इंची कापायचं म्हणाल तर तेही नको. टोकं कापली की छापलेला पिच 8 च राहतो आणि कापलेलं टोक रुंद, बोथट. 11×8 चा बोजाच 1,17,128 आहे, दहा-सहाच्या जवळजवळ दुप्पट, आणि रुंद टोकामुळे तो याहूनही जड पडेल. कष्ट करून पुन्हा जिथे होता तिथेच. शिवाय काच भरलेलं नायलॉन घासताना उडणारी धूळ छातीत जायला नको.

येळ्ळूरच्या शिवाराचं आता. 11 इंची प्रॉप दहा इंचीपेक्षा जमिनीकडे अर्धा इंच जास्त खाली येतो. विमान सपाट उभं करून प्रॉप उभा धरा, टोक आणि जमीन यांत किमान दीड इंच राहिलं पाहिजे. भाताच्या शिवारात कापणीनंतरचे खुंट राहतात, ते वाळल्यावर ताठ असतात आणि पुढचं चाक खड्ड्यात गेलं की टोक नेमकं त्यांच्यावर आदळतं. दीड इंच राहत नसेल तर पुढच्या चाकाची तार थोडी लांब करा किंवा मोठं चाक लावा, प्रॉप लहान करू नका. आणि उडवायच्या आधी पंचवीस-तीस मीटरची पट्टी खुरप्याने साफ करून घ्या, शेतमालकाला विचारून.

उंचीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बेळगावात हे सांगावंच लागतं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथली हवा कोकणातल्या हवेपेक्षा सुमारे 7 टक्के विरळ. मालवण किंवा कारवारच्या मित्राने त्याचा प्रॉप सांगितला तर तो तुम्हालाही चालेल, कारण इंजिनाची ताकद कमी होते तसा प्रॉपचा बोजाही तेवढाच कमी होतो, फेरे जवळपास तेच राहतात. पण ओढ कमी होते आणि पंख उचलायला जास्त वेग लागतो. एप्रिलच्या दुपारी 36 अंशांत तर हवा समुद्रसपाटीच्या मानकापेक्षा 15 टक्के विरळ असते. भात काढल्यानंतरच्या थंड सकाळी जे विमान ऐटीत वर गेलं तेच उन्हाळ्यात जड वाटेल, तेव्हा प्रॉप बदलायची घाई करू नका, सकाळी लवकर उडवा. नीडल मात्र त्या दिवशीच्या हवेप्रमाणे नव्याने लावायची. कोकणात लावलेली नीडल इथे थोडी जास्त इंधन देते.

10×6 लागतो वाऱ्याच्या दिवशी. वारा ताशी 25 असेल तर 11×5 च्या 84 मधून तुमच्या हातात फार थोडं उरतं, विमान वाऱ्याविरुद्ध परत येताना एका जागी उभं राहिल्यासारखं दिसतं आणि शिकणाऱ्याची छाती धडधडते. 10×6 ने तिथे चोवीस किलोमीटर जास्त मिळतात. पण पहिल्या उड्डाणांना वारा नकोच. येळ्ळूरला राजहंसगडाच्या टेकडीच्या आडोशाला वारा गोल फिरतो, झाडांची पानं हलत असतील तर घरी चहा प्या.

फेरे मोजायला टॅकोमीटर हवाच. कानाने 11,000 आणि 12,500 मधला फरक सांगणारे लोक आहेत, पण ते टॅक घेऊनच तसे झाले. मॉडेलसाठीचा ऑप्टिकल टॅक दोन पात्यांवर लावा. तो बरोबर दाखवतोय का ते तपासायला घरातली जुनी चोकवाली ट्यूबलाइट पुरते. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, म्हणून दोन पात्यांच्या सेटिंगवर टॅकने 3,000 दाखवलं पाहिजे. एलईडीवर ही परीक्षा होत नाही. वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सवाल्यांकडे चमकत्या पट्टीवर चालणारा टॅक असतो, तोही चालेल, पट्टी एकाच पात्याच्या मागच्या बाजूला हबजवळ चिकटवा. बारीक पट्टी लावा, नाहीतर तोल बिघडेल.

मोजताना कायम प्रॉपच्या मागे. विमान खुंट्यांना घट्ट बांधलेलं, प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत बाजूलासुद्धा कुणी उभं नाही. दहा इंची प्रॉपचं टोक 12,000 फेऱ्यांना ताशी पावणेसहाशे किलोमीटरने जात असतं. सुरू करायला बोट नको, लाकडी दांडी किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर. एनसीसीच्या गळ्यातल्या शिट्टीची दोरी, ओढणी, लोंबणारं ओळखपत्र, सगळं आधी काढून ठेवा. ग्लो इंधनात मेथनॉल असतं, ते पोटात किंवा डोळ्यांत जाता कामा नये. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं तर मुळीच नाही, घरात तहानलेलं कुणीही ती उचलेल.

11×5 लावून इंजिन गरम झालं की नीडल हळूहळू आत घ्या. फेरे वाढत जातात, एका जागी वाढायचे थांबतात. तिथून 300 ते 400 फेरे खाली येईपर्यंत नीडल परत उघडा. हवेत गेल्यावर पुढून हवा मिळाल्याने प्रॉप हलका होतो, फेरे वाढतात, मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. जमिनीवरच टोकाला लावलं तर हवेत इंजिन तापून थांबतं. मग थ्रॉटल पूर्ण ठेवून एकाने विमानाचं नाक आभाळाकडे करून दहा सेकंद धरा. आवाज खाली येत गेला तर अजून थोडं उघडा. आवाज तसाच राहिला तर ठीक.

निरोगी .46 ला 11×5 वर अकरा हजारांच्या आसपास फेरे मिळाले पाहिजेत. साडेदहाच्या वर असेल तर उडवा. दहाच्या खाली असेल तर आधी ग्लो प्लग बदला, इंधन ताजं आहे का बघा, टाकीची नळी चिरली नाही ना बघा. तरीही वाढत नसेल तर इंजिन झिजलेलं आहे, त्यावर 10×6 लावून काम भागेल. साडेबारा हजारांच्या वर गेलं तर इंजिन दणकट आहे, मग पुढच्या खेपेला 11×6 चा विचार करता येईल.

आणि तुमच्या लेथचा खरा उपयोग इथे. नवा प्रॉपसुद्धा तोललेला नसतो. 6 मिलिमीटरचा एक सरळ शाफ्ट काढा, त्यावर प्रॉपच्या भोकात घट्ट बसतील असे दोन शंकू, सगळं एकाच सेटिंगमध्ये फिरवून. दोन धारदार पट्ट्या लेव्हलमध्ये बसवून त्यांच्यावर शाफ्ट ठेवा. जड पातं खाली जाईल. त्याच्या मागच्या सपाट बाजूला बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने, मास्क लावून, पाणी लावत घासत जा, पुढच्या गोल बाजूला किंवा धारेला हात लावू नका. प्रॉप आडवा, उभा, तिरका, कुठेही ठेवला तरी जिथे ठेवला तिथेच राहिला की झालं. .40-.46 च्या बहुतेक इंजिनांचा शाफ्ट पाव इंचाचा, 28 आट्यांचा असतो. भोक लहान पडलं तर हातड्रिलने मोठं करू नका, लेथवर केंद्र धरून करा. तोल नसलेला प्रॉप बाल्साच्या सांध्यांचा फेव्हिकॉल सैल करतो आणि रिसीव्हरची कनेक्शनं हलवतो, आणि विमान का पडलं ते नंतर कुणालाच कळत नाही.

ओतायचीच हौस असेल तर पुढच्या नटसाठी ॲल्युमिनियमचा गोल टोकाचा नट ओता किंवा सरळ बार स्टॉकमधून काढा. तो शाफ्टच्या मध्यावर असतो, ओढ फारशी नसते, आणि कुणाला लागला तर गोल टोकाने लागतो.

जागेबद्दल एक महत्त्वाचं. सांबऱ्याला विमानतळ आहे आणि वायुदलाचं प्रशिक्षण केंद्रही, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही, 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत, त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत, आणि तेही लष्करी किंवा इतर बंदीचा भाग नसेल तरच. तुमचं नेमकं शिवार कुठे येतं ते सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर बघा आणि मगच जा. येळ्ळूर जमलं नाही तर खानापूरच्या दिशेने मोकळ्या जागा आहेत. आकाशात लहान विमान किंवा हेलिकॉप्टर दिसलं की ताबडतोब उतरवायचं, भाच्याला हे पहिल्या दिवशी सांगा.

पहिलं उड्डाण भाच्याने एकट्याने करू नये. त्याच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवणारे असतात, त्यांना रविवारी बोलवा, किंवा ज्याने आधी रेडिओवर ट्रेनर उडवलंय अशा कुणाच्या हाती ट्रान्समीटर द्या. त्यांनी ट्रिम लावून, म्हणजे विमान आपोआप सरळ उडेल असं जुळवून, उतरवलं की मग पोराला हवेत वर, चूक सावरायला जागा असेल एवढ्या उंचीवर, हातात द्यावं. 11×5 चा आणखी एक फायदा तेव्हा दिसेल. थ्रॉटल बंद केला की कमी पिचचा प्रॉप हवेत थोडा ब्रेक लावतो, विमान शेताच्या बांधाच्या पलीकडे तरंगत जात नाही.

प्रॉप शाफ्टवर बसवताना छापलेली अक्षरं पुढे, आणि हाताने फिरवताना कॉम्प्रेशनने अडतं त्या जागी पातं आडवं राहील असा नट आवळा. इंजिन हवेत थांबलं तर प्रॉप आडवा थांबतो आणि उतरताना वाचतो. नट पाच-सहा मिनिटं चालवल्यावर पुन्हा आवळा, लाकडी असेल तर प्रत्येक वेळी, कारण आपल्याकडे जुलैच्या दमटात फुगलेलं लाकूड जानेवारीत आक्रसतं.

11×5 वरचे आणि 10×6 वरचे फेरे, मफलरमधल्या तेलाचा रंग आणि त्या दिवशीचं तापमान लिहून पाठवा. फुल थ्रॉटलवर मिनिटभर चाललेला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, पाच-सहा मीटर मागून. त्यावरून 11×6 घ्यायचा की नाही ते सांगता येईल.